काच खाली करायची नाही

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर दिल्लीतल्या द्वारकेला कौशल्यामावशीकडे जा, चहा घ्या आणि विचारा. फक्त अनिश घरात नसताना विचारा.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. जानेवारीतली सकाळ होती, मानेसरच्या पुढचा जयपूरकडे जाणारा रस्ता होता, आणि धुकं असं की बोनेटचं पुढचं टोकसुद्धा अंदाजानेच असेल म्हणायचं.

अनिश म्हणजे मावशीचा एकुलता एक. पुण्याहून नोकरीसाठी गुरुग्रामला आला त्याला बरीच वर्षं झाली, पण गाडीची नंबरप्लेट अजून एमएच बारा. दिल्लीच्या लोकांना गाडी चालवता येत नाही, हे त्याचं लाडकं वाक्य. हे तो दिल्लीच्या लोकांसमोर म्हणत नाही, एवढाच काय तो विनय.

गाडी सुरू करायच्या आधी तो तिला प्रदक्षिणा घालतो. टायर दाबून बघतो, आरसे पुसतो, मागे बसलेल्या आईलाही पट्टा बांधायला लावतो. मागच्या दारांना चाइल्ड लॉक कायमचं लावलेलं. "आईचा काही भरवसा नाही, झोपेत दार उघडेल," असं चारचौघांत हसत सांगतो. मावशीही हसते. मावशी बऱ्याच गोष्टींना हसून वाट करून देते.

मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात त्याने भाषणही दिलं होतं. रस्त्यात गाडी बंद पडली तर काय करावं. चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवा. लाल त्रिकोण लांब मागे नेऊन उभा करा. आणि सगळे खाली उतरून कठड्यापलीकडे जा. "बंद पडलेली गाडी म्हणजे रस्त्यातला दगड. दगडात कुणी बसून राहतं का?" टाळ्या पडल्या होत्या.

एक नियम मात्र त्याने दिल्लीत येऊन उचलला. काच खाली करायची नाही. शेजारच्या खुराना अंकलचा मोबाइल असाच गेला होता. एकाने काचेवर टकटक करून बोलण्यात गुंतवलं, दुसऱ्याने पलीकडून दार उघडून उचलला. तेव्हापासून सिग्नलला कुणी काच वाजवली की अनिश समोर बघत राहतो. मान वळवत नाही. ही कला इकडे सगळ्यांनाच येते.

त्या दिवशी जयपूरला मावशीच्या भाचीचा साखरपुडा होता. गाडीत तिघं. अनिश चालवत होता, शेजारी बायको अश्लेषा, मागे डाव्या बाजूला मावशी.

मानेसर सुटलं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. इंजिन तापलं होतं. अनिशने गाडी हळूहळू डावीकडे घेतली आणि थांबवली. पांढऱ्या पट्टीच्या आत नीट आलो की नाही, ते दिसत नव्हतं.

त्याने चारही इंडिकेटर लावले. टिक... टिक... टिक...

"त्रिकोण?" अश्लेषाने विचारलं.

"डिकीत आहे. तळाशी. वर आईचे चिरोट्यांचे डबे आहेत, साड्यांची बॅग आहे. आता सगळं कुठे उपसायचं?"

"आणि उतरायचं नाही का? दगडात कुणी बसतं का, वगैरे?"

"यार, बाहेर थंडी बघ. आईला घेऊन उभं राहायचं का त्या धुक्यात? मदतवाल्यांना फोन केलाय, पोचतीलच."

भाषणाच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत अश्लेषाही होती.

काचांवर वाफ धरली. मागून ट्रक भोंगे वाजवत जात होते. एक गेला की गाडी थरथरायची. प्रत्येक वेळी मावशी पुटपुटायची, "गेला."

आणि मग...

भोंगे थांबले.

एकही गाडी जाईना. एवढा मोठा रस्ता, आणि कापूस कोंबल्यासारखा गप्प.

इंडिकेटरची टिकटिकही ऐकू येईना.

ठक... ठक.

मागच्या काचेवर.

"आले वाटतं ते लोक," मावशी म्हणाली.

"ते नाहीत," अनिश म्हणाला. "ते आधी फोन करतात. कुणी काच उघडायची नाही."

त्याने बटण दाबलं. चारही दारांना खटकन लॉक लागलं.

ठक... ठक.

आता मावशीच्या खिडकीवर. मावशीने तळहाताने वाफ पुसली आणि बाहेर बघितलं.

"कोण आहे गं बाई?"

आणि बाहेरून आवाज आला. बाईचा. हळू, थकलेला.

"उतरा हो... लवकर उतरा."

मराठीत.

हरियाणातल्या रस्त्यावर, तसल्या धुक्यात, मराठीत.

"अरे, आपलं माणूस आहे!" मावशी म्हणाली. "माझ्याच वयाची आहे. डोक्यावरून नुसती शाल घेतलीये, गारठली असेल बिचारी. उघड दार."

"आई, एमएच नंबर बघून मराठी बोलतायत. नवीन ट्रिक आहे. तू उघडशील आणि मागून चार जण येतील."

"अरे, एकटीच आहे ती!"

"एकटीच दिसते. तसंच असतं ते."

मावशीने दाराची मूठ ओढली. एकदा. दोनदा. चाइल्ड लॉक.

"अनिश, दार उघड."

"आई, तू गप्प बस!"

इतक्या वर्षांत तो आईशी असं बोलला नव्हता. बोलल्याचं त्याचं त्यालाच ऐकू आलं. पण माघार घ्यायची ती वेळ नव्हती, असं त्याला तेव्हा वाटलं.

ठक... ठक.

आता आवाज त्याच्या उजव्या कानाशी होता. त्याच्या स्वतःच्या काचेवर.

अनिश समोर बघत राहिला.

मान वळवली नाही.

नंतर त्याला पुष्कळांनी विचारलं, बाई कशी होती रे? त्याला सांगता येत नाही. ती हातभर अंतरावर होती आणि त्याने बघितलंच नाही.

अश्लेषाने पट्टा सोडला, लॉकचं बटण दाबलं. पुढचं दार आतून उघडतं, ते उघडलं, बाहेर गेली आणि मावशीचं दार बाहेरून उघडलं.

"चला आई."

"अगं वेडी आहेस का? बंद कर ती दारं!" अनिश ओरडला.

दोघी धुक्यात शिरल्या. चार पावलांत दिसेनाशा झाल्या. उघड्या दारांतून धुकं आत आलं. अनिश एकटा. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

आणि उजव्या बाजूने... काचेच्या पलीकडून नव्हे, अगदी जवळून...

"तूही ऊठ रे बाळा."

तो उठला. शहाणपण सुचलं म्हणून नाही. आवाज उजवीकडे होता म्हणून डावीकडे पळाला. गिअरवरून घसरत, गुडघा आपटत, अश्लेषाच्या दारातून बाहेर पडला आणि कठड्याकडे धावला. तिथे अश्लेषा सासूचा पाय उचलून कठड्यावर ठेवत होती. अनिशने मावशीच्या खांद्याला धरलं.

आधार द्यायला नव्हे. तिच्या खांद्याचा टेकू घेऊन तो पहिला पलीकडे गेला.

मावशी पलीकडे पोचली, अश्लेषाही पोचली. आणि ब्रेकची किंकाळी आली.

मग तो आवाज.

गाजरांचा टेम्पो होता. दिल्लीच्या मंडीकडून येणारा. अनिशच्या गाडीचा मागचा भाग त्याने असा दाबला की मावशीची सीट पुढच्या सीटला जाऊन चिकटली. रस्ताभर लालभडक गाजरं.

टेम्पोवाला कपाळाला खोक घेऊन खाली उतरला. आणि त्याने या तिघांकडे बघितलंसुद्धा नाही. थेट गुडघ्यांवर बसून स्वतःच्या टेम्पोखाली शोधायला लागला.

"आंटी! आंटी जी!"

"भैया, हम लोग ठीक हैं," अश्लेषा म्हणाली. "सब इधर हैं."

"वो शॉल वाली आंटी कहाँ हैं? बीच सड़क में खड़ी हाथ हिला रही थीं. उन्हीं को देखके ब्रेक मारा मैंने... हे भगवान, लग तो नहीं गई उनको?"

तो रडत होता. गाजरं दोन्ही हातांनी बाजूला करत होता.

मावशी कठडा ओलांडून परत यायला निघाली. अश्लेषाने तिला धरलं, तर म्हणाली, "आत्ता इथेच होती गं. मी उतरले तशी मागे गेली."

भोंगे पुन्हा ऐकू येत होते. पोलीस आले, त्यांनी टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंनी शोधलं. रक्त नाही, चप्पल नाही, शाल नाही.

हवालदाराने विचारलं, "कितने लोग थे आप?"

"तीन," अनिश म्हणाला. "और कोई नहीं था जी."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. तो फोनवर इन्शुरन्सवाल्यांशी बोलायला लागला.

इथवरची गोष्ट भुताची. पुढची अनिशची आहे, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त अंगावर येते.

साखरपुड्याला ते दुपारी टॅक्सीने पोचले. तोवर अनिशच्या तोंडी वेगळीच हकिगत तयार होती. "नियम म्हणजे नियम. गाडी थांबली की मी दोघींना ताबडतोब खाली उतरवलं." बाई नाही, टकटक नाही, लॉक नाही. सगळे म्हणाले, वा! अशोककाकांनी तर पाठ थोपटली. मावशी चेपलेल्या डब्यातून निघालेला चिरोटा मोडत बसली होती. अश्लेषा पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

माणूस एकदा सांगतो तेव्हा घाबरून सांगतो. दुसऱ्यांदा सांगतो तेव्हा त्याला ते आवडायला लागलेलं असतं. आठवडाभरात अनिशला ते फारच आवडायला लागलं होतं.

रविवारी द्वारकेला पाहुणे जमले. कुणीतरी म्हणालं, धडक किती जोरात बसली असेल नाही? अनिश उठला. डॅशबोर्डवर कॅमेरा होता, त्याचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं. ऑफिसात बसून आवाज बंद करून त्याने ते बघितलं होतं. धुकं, धुकं, मग हादरा. ते त्याने टीव्हीला जोडलं.

या वेळी आवाज चालू होता.

पडद्यावर पांढरं धुकं. टिक... टिक... टिक... इंडिकेटर एकदाही थांबले नव्हते. भोंगे एकदाही थांबले नव्हते.

टकटक नव्हती.

बाईचा आवाज नव्हता.

"कुणी काच उघडायची नाही," टीव्हीतला अनिश म्हणाला.

मग मावशी. "कोण आहे गं बाई?" टिक... टिक... "अरे, आपलं माणूस आहे!"

"नवीन ट्रिक आहे."

मग दाराच्या मुठीचा आवाज. खट. खट.

"आई, तू गप्प बस!"

दिवाणखान्यात कुणी कुणाकडे बघेना. भूत रेकॉर्ड झालं नव्हतं. आमचा अनिश मात्र झाला होता, अगदी स्वच्छ.

अशोककाकांनी बशी खाली ठेवली, ती कधी नव्हे इतकी वाजली. मावशी उठली आणि टीव्ही बंद केला.

"उद्या सकाळी मला तिथे ने," ती म्हणाली. "ती बाई दाराशी येऊन रिकाम्या हाताने गेली. मला तिची ओटी भरायची आहे."

"आई, तिथे कुणी नव्हतं. आत्ता ऐकलंस ना?"

"तुझं ऐकलं," मावशी म्हणाली.

सोमवारी अनिशने रजा टाकली. अश्लेषाची छोटी गाडी घेतली. प्रदक्षिणा घातली नाही. त्या जागेच्या थोडं पुढे पेट्रोल पंप होता, गाडी तिथे आत उभी केली आणि दोघं कठड्याच्या पलीकडून मागे चालत आले. धुकं तसंच. कडेला काचेचा चुरा आणि चिरडलेली गाजरं अजून होती.

मावशीने कठड्यावर खण ठेवला. त्यावर नारळ, तांदूळ. हळदकुंकवाची बोटं लोखंडाला लावली.

"अनिश, तू जरा मागे थांब."

तो मागे थांबला. मोठी माणसं बोलत असताना लहान मुलं थांबतात तसा.

मावशी कुणाची तरी वाट बघत उभी राहिली.

मग ती मान हलवत म्हणाली, "हो, पोचलो ना. सगळे सुखरूप."

...

"नाव काय तुमचं? त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं."

...

"अगंबाई. मग इतक्या लांब कुठे आलात?"

अनिशने डोळे फाडून बघितलं. आता तो बघत होता. कठड्याकडे, कठड्याच्या पलीकडे, वर, खाली. आईची पाठ आणि पांढरं धुकं. आणखी काही नाही. त्या बाईचं एक अक्षर त्याच्या कानावर पडत नव्हतं.

भोंगे थांबले होते.

मग मावशीचा आवाज उतरला. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. शाळेतल्या बाईंनी मुलाची तक्रार केली की ती असंच करायची.

"नाही हो, तसा नाहीये तो. चांगला आहे मुलगा. घाबरला होता, म्हणून... तुम्ही नका मनावर घेऊ."

...

...

मावशी ऐकत होती. खूप वेळ ऐकत होती. एकदा तिने वळून अनिशकडे बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

परत येताना अनिशने विचारलं, "आई, काय म्हणाली ती? माझ्याबद्दल काय म्हणाली?"

मावशीने पट्टा बांधला आणि समोर बघत राहिली.

आजतागायत तिने त्याला सांगितलेलं नाही. परवापर्यंत आम्हालाही नाही. अनिश अजून विचारतो. मंडळात जात नाही, भाषणं देत नाही, पण आईला एकटी गाठून विचारतो. परवा मीही विचारून बघितलं. मावशी चहा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं.

"तिने विचारलं एवढंच," मावशी म्हणाली, "की पुन्हा असं झालं, तर त्याची काच वाजवू की नको."

"मग? तू काय सांगितलंस?"

मावशीने चहा पुढे केला.