ओली नोंद

इंदुमतीबाई वासेकर यांच्या घरच्या संगणकाला तीन दिवसांपासून ताप होता. चकतीचे तापमान एकोणचाळीसच्या खाली येईना, पडदा मध्येच थिजायचा आणि त्या सकाळी तर नोंदींची यादीच उघडेना. दुपारी नझमा तडवी आली. ती खाणवस्तीत घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करी. त्याआधी सहा वर्षे ती चकत्या वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत होती.

नझमाने आधी सोप्या शंका फेडल्या. पंखा फिरत होता. वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला, फरक नाही. केबल काढून दुसरी लावली, तरी तेच. मग तिने चकतीचे झाकण उघडले. आतल्या फिकट गुलाबी थरावर करडे डाग पसरले होते.

"पेशी मरताहेत, काकू. चकतीच बदलावी लागेल."

धातूच्या चकतीवर चुंबकाने लिहायचे दिवस केव्हाच सरले होते. आता बहुतेक घरांत पेशीचकती असे, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मज्जापेशींचा पोळीएवढा थर. मेंदू जशा आठवणी साठवतो, तशी ती पेशींमधल्या जोडण्यांत माहिती साठवी. जागा कमी, वीज नावाला, आणि किरकोळ दुखापत ती आपली आपण बरी करी.

"बाकी सारं गेलं तरी चालते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "यांचा निरोप तेवढा वाचव."

त्यांचे पती शालिक बारा वर्षांपूर्वी भूमिगत खाणीत उतरले, ते परत आले नाहीत. ताजी हवा हव्या त्या बोगद्याकडे वळवण्यासाठी खाणीत जाड दारे असतात. त्यातले एक उघडे राहिले, वायू साठला आणि स्फोट झाला. अकरा माणसे गेली. ढिगाऱ्याआड अडकलेल्या शालिकनी मरण्यापूर्वी टोपीतल्या यंत्रावरून घरच्या संगणकाला आवाजी निरोप पाठवला. "देवाजीनं दार लावलं नाही," असे त्यात होते. देवाजी मडावी हा त्यांचा जोडीदार. त्या पाळीतला तो एकटाच वाचला होता. पोलिसांनी निरोपाची प्रत नेली ती आठ महिन्यांनी. दुसरा पुरावा नव्हता. त्या एका वाक्यावर देवाजीला वीस वर्षांची शिक्षा झाली.

नझमाने नवी चकती जोडली. ही काचेची होती, निर्जीव. जुन्या चकतीवर निरोपाच्या दोन प्रती सापडल्या. एक रोज ऐकली जाणारी; दुसरी पहिल्याच दिवशी संगणकाने राखीव कोपऱ्यात आपोआप ठेवलेली, कधीच न उघडलेली. नझमाने न उघडताच दोन्हींची लांबी ताडून पाहिली.

"काकू, या दोन जुळत नाहीत."

"एकाच निरोपाच्या आहेत ना?"

"हो. पण तुम्ही हा किती वेळा ऐकला असेल?"

"रोज. पहिल्या वर्षी तर दिवसातून दहादा."

"ऐकताना काही बोलायचात?"

"रडत होती. म्हणत होती, देवाजीनं दार लावलं असतं तर तुम्ही वाचले असते."

नझमाने खुर्ची ओढून घेतली. "पेशीचकतीवरची नोंद बंद असते तोवर सुकलेल्या मातीसारखी टणक असते. उघडली की ओली होते. बंद होताना पुन्हा सुकते, पण मधल्या वेळात तिच्यावर बोटं उमटतात. खोलीत जे बोललं जातं, ते संगणकाच्या कानावर पडतं आणि तिच्यात मिसळतं. एका वेळी फरक कळतही नाही. हजार वेळांनी वाक्य बदलतं. तो खटला चालला तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं."

"म्हणजे तो आवाज यांचा नाही?"

"आवाज त्यांचाच आहे. शब्द कुणाचे, ते दुसरी प्रत सांगेल. पण काचेवर उतरवताना ती उघडावी लागेल. दोन मिनिटं काहीही झालं तरी बोलायचं नाही."

"आणि नाही उतरवली तर?"

"उद्यापर्यंत चकती मरेल. निर्णय तुमचा आहे."

इंदुमतीबाईंनी भिंतीवरच्या शालिकच्या फोटोकडे पाहिले. मग पदराचा बोळा तोंडात धरून मान हलवली.

खरखरीतून आवाज आला. "इंदू... दार मीच उघडं ठेवलं. कोळशाचा टब ढकलाले सोपं जाते म्हणून. देवाजी बंद कर म्हणत होता. तो लावाले पळाला... तोवर उशीर झाला. त्याले सांगजो, माझं चुकलं."

नझमाने खूण केल्यावर इंदुमतीबाईंनी तोंडातला पदर काढला.

"पहिल्या दिवशी मी हेच ऐकलं असंल ना?" त्यांनी विचारले. "मग मले हे आठवत काऊन नाही?"

नझमाने काचेची चकती पुठ्ठ्याच्या डबीत घालून त्यांच्या हातात ठेवली.

चार दिवस इंदुमतीबाईंनी अन्न कसेबसे गिळले. शालिकचे नाव खाणीच्या दारातल्या स्मृतिशिळेवर होते, आणि दर वर्षी तिला हार घालणाऱ्या बाकीच्या दहा विधवांना आता काय सांगावे लागेल, ते त्यांना ठाऊक होते. पाचव्या दिवशी त्या वकिलाकडे गेल्या. फेरतपासणीच्या अर्जावर कैद्याची सही लागेल, असे वकील म्हणाला.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत देवाजी टेबलापलीकडे बसला. केस पूर्ण पांढरे झाले होते. इंदुमतीबाईंनी अर्ज पुढे ठेवून निरोप ऐकवला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. निरोप संपल्यावर त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागले.

"शालिक असाच होता," तो म्हणाला. "मले वाचवाले मरतानाही खोटं बोलला."

"खोटं नाही, भाऊजी! हेच खरं आहे. सही करा. तुम्ही सुटान."

"नाही, वहिनी. दार मीच उघडं सोडलं. त्याच्या कडीचा गारवा अजून या हाताले आहे."

"तुम्ही तर कोर्टात ओरडून सांगत होते, मी दार लावाले पळालो म्हणून!"

"सांगत होतो. तेव्हा मले आठवत नव्हतं." देवाजी शांतपणे बोलत होता. "पोलीस निरोप ऐकवत. मग वकील, मग कोर्टात रोज. मी कोठडीत पडून तोच मनात ऐकत होतो. दीड-दोन वर्षांनी सारं साफ आठवलं. टोपीच्या दिव्याचा उजेड, दार, माझा हात."

त्याने सही न करता अर्ज परत सरकवला, उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि वाकून इंदुमतीबाईंच्या पायांवर डोके ठेवले.

"तुमचा माणूस मी मारला, वहिनी," तो म्हणाला. "मले माफ करा."