दुसरा वटवट्या

"श्वास रोखून धर, गिबी! आकडे हलतायत!"

"मी श्वास घेतच नाहीये, ओस्ला," गिबी दात आवळून पुटपुटला.

टेबलावरच्या इवल्याशा वजनकाट्यावर फोटोच्या रिळाची जुनी डबी उभी होती आणि डबीतून दोन इंच शेपूट वर आलेली होती. शेपटीचा मालक आत डोकं खाली करून निवांत बसला होता. अंधारात पक्षी शांत राहतात, म्हणून थोरामावशी छोट्या पक्ष्यांचं वजन नेहमी असंच करायची.

"चार पॉइंट नऊ ग्रॅम," मावशी म्हणाली.

ओस्लाची पेन्सिल वहीवर थांबली. "चार? नीट बघ ना, मावशी! सोमवारी पाच पॉइंट नऊ होतं. काल पाच पॉइंट चार."

मावशीने पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता. तिने पक्ष्याला हळूच मुठीत घेतलं आणि खिडकीतून सोडून दिलं. हिरवट अंगाचा, भुवया पिवळ्या, पाठीच्या खाली सोनेरी पट्टा. सोनपाठी वटवट्या! सैबेरियाच्या जंगलातून निघालेला आणि वाऱ्याने भरकटून थेट स्कार्वे बेटावर येऊन पडलेला. त्याच्या पायात मावशीने ओळखीसाठी घातलेल्या कड्यावरचा नंबर ओस्लाला पाठ झाला होता.

"थकलाय बिचारा," मावशी म्हणाली. "आणि आज रात्री वादळ येतंय. चार पॉइंट नऊवर वादळाची रात्र काढायची म्हणजे..." तिने वाक्य पुरं केलं नाही. केंद्राचा रेडिओ खरखरला आणि ती हवामानाचा अंदाज ऐकायला आत गेली.

ऑक्टोबरची सुट्टी लागली होती. पूर्वी याच दिवसांत सगळी शाळा बटाटे काढायला शेतात जायची, म्हणून तिचं नाव अजूनही बटाट्याची सुट्टी. बारा वर्षांची ओस्ला, तिचा नऊ वर्षांचा भाऊ गिबी आणि शेजारचा लाउरी, तिघांनी ही सुट्टी मावशीच्या पक्षी केंद्रात मदत करायला दिली होती.

"बाकीच्यांची वजनं बघा," ओस्लाने वही दोघांपुढे धरली. "रॉबिन सोळा पॉइंट दोन, मग सतरा, मग साडेसतरा. तीच बाग, तीच झाडं, त्याच माश्या. मग हा एकटाच का वाळतोय?"

"खाण्यात नखरे करत असेल. आपल्या गिबीसारखा," लाउरी म्हणाला.

"ए! मी फक्त कोबी खात नाही!"

"गप्प बसा रे! असं नुसतं बोलून नाही कळणार. मोजायला हवं."

बेटावर झाडं अशी चारच. मिमीआजीच्या घरामागे दगडी भिंतीच्या आडोशाला वाऱ्याने वाकलेले चार सिकॅमोर. तिघं भिंतीला टेकून बसले. लाउरीकडे घड्याळ, ओस्लाकडे वही, आणि गिबीचे डोळे सगळ्यांत तीक्ष्ण म्हणून त्याच्याकडे पक्षी. दर मिनिटाला तो कुजबुजायचा, "खातोय... खातोय... गेला!"

"कुठे गेला?"

"भिंतीवरून पलीकडे. समुद्राच्या बाजूला. आता आला परत. दमलाय गं तो! चोच उघडी आहे."

तासाभराने ओस्लाने बेरीज केली. अकरा वेळा तो बागेतून उघड्या माळावर गेला होता. साठ मिनिटांतली फक्त एकोणीस मिनिटं त्याने खाल्लं होतं.

"तिकडे त्याचा मित्र आहे ना!" लाउरी म्हणाला. "काल संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं नाही का, सोनपाठी दोन म्हणून?"

लिहिलं होतं खरं. रोज संध्याकाळी केंद्रात सगळे पक्षीवाले जमायचे आणि एर्टीआजोबा एकेका पक्ष्याचं नाव वाचायचे. ज्याने जितके पाहिले, तितके त्याने सांगायचे. नुसता आवाज ऐकला तरी तो पक्षी धरला जायचा, तसा रिवाजच होता. काल 'सोनपाठी' म्हटल्यावर आजोबा स्वतःच म्हणाले होते, "एक पाहिला, एक ऐकला. म्हणजे दोन!" आणि सहाही मोठ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"ऐकला सगळ्यांनी," ओस्ला सावकाश म्हणाली. "पण पाहिलाय कुणी?"

तिघं भिंत ओलांडून पलीकडे उतरले आणि गवतातून सरपटत निघाले. वारा असा झोंबत होता की गिबीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खाली खडकांच्या बेचक्यात सीलची मादी पांढऱ्याशुभ्र पिल्लाला घेऊन पडली होती. तिने मान वर करून "हूऽऽ" केलं, तसे तिघं लांबून वळसा घालून गेले. पुढे माळावर कोबीची रोपं वाढवायचं एक जुनं गोल दगडी कुंपण होतं. गाणं तिथूनच येत होतं. गोड, लांबलचक, नाजूक शिट्ट्यांचं गाणं!

"किती छान गातोय!" गिबी म्हणाला. मग त्याने कान टवकारले. "अरे! कक्कू!"

"ऑक्टोबरात कक्कू?" लाउरी हसला. "तुझ्या कानात वारं शिरलंय."

"शप्पथ! गाण्याच्या शेवटी, अगदी बारीक. कुक्-कू, कुक्-कू. दोनदा!"

"थांबा," ओस्ला म्हणाली. "पुन्हा ऐकू या."

गाणं थांबलं होतं. पाच मिनिटांनी ते पुन्हा सुरू झालं. शेवटी, जणू कुठल्या दूरच्या जंगलातून, 'कुक्-कू, कुक्-कू.' आणखी पाच मिनिटांनी पुन्हा तसंच. त्याच जागी, तितक्याच वेळा.

लाउरीचं हसू मावळलं. "कक्कू तर ऑगस्टमध्येच आफ्रिकेला जातात."

"आणि इतका आज्ञाधारक कक्कू जगात नाही," ओस्ला म्हणाली. "हे गाणं उन्हाळ्यातलं आहे. तिकडच्या जंगलातलं. कुणीतरी ते टेप करून आणलंय!"

ते कुंपणापर्यंत सरपटले. दोन दगडांच्या फटीत तळहाताएवढा काळा डबा बसवलेला होता. समोरच्या खांबावर सोनपाठी येऊन बसला होता. पिसं फुगलेली, चोच उघडी. तो इकडे वळत होता, तिकडे वळत होता, हाक मारत होता, पुन्हा वळत होता.

कचकचकचकच!

पलीकडे गवताच्या रंगाचा एक बुटका तंबू होता. त्यातून कॅमेऱ्याचं लांबलचक भिंग बाहेर आलं होतं, आणि एक भलामोठा बूटही.

"विंटलकाका!" गिबीच्या तोंडून निघालं. ओस्लाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

विंटलकाका दक्षिणेहून आलेले फोटोवाले. आठवडाभर मिमीआजीकडे राहत होते. आजीला ते भारी आवडायचे, कारण ते तिचे बॅनक, म्हणजे तव्यावर भाजलेले गोल पाव, एका बैठकीत पाच-पाच खायचे.

"डबा समुद्रात फेकू!" लाउरी म्हणाला.

"सीलच्या डोक्यावर? आणि मग ते दुसरा आणतील."

"मग मावशीला सांगू."

"काय सांगणार? एर्टीआजोबांनी स्वतःच्या हाताने दोन लिहिलेत. म्हणतील, पोरांना काय कळतंय! तोवर काका डबा खिशात घालतील आणि उद्या दुसरीकडे लावतील." ओस्लाने जोरात नाक पुसलं. "त्यांना सांगायचं नाही. त्यांना दाखवायचं!"

केंद्रात जेवणं चालली होती. खारवलेल्या मटणाच्या सूपची वाफ खिडक्यांवर साचली होती. दार धाडकन उघडलं.

"सापडला!" ओस्ला ओरडली. "दुसरा सोनपाठी! आम्ही अगदी जवळून पाहिला!"

सहा चमचे एकदम खाली आले. "कुठे?" "दुर्बीण! माझी दुर्बीण कुठाय?" "तुझ्या गळ्यात आहे ती!" एर्टीआजोबा तर घरातल्या सपाता घालूनच धावत सुटले. वाटेत मिमीआजी कोंबड्यांना दाणे टाकत होती. "काय, आग लागली काय रे?" म्हणत तीही मागोमाग आली.

कुंपणापाशी सगळे ओळीने उभे राहिले. सहा दुर्बिणी, श्वास रोखलेले. आणि गाणं सुरू झालं!

"ऐका! नर आहे."

"डावीकडे! भिंतीच्या मागे!"

"दिसला!" एर्टीआजोबा कुजबुजले. "शेपूट दिसली मला. क्षणभरच, पण दिसली!"

"आजोबा," ओस्ला नम्रपणे म्हणाली, "नीट दाखवू?"

ती पुढे गेली, फटीत हात घातला आणि दुसरा वटवट्या बाहेर काढला. तो काळा होता, चौकोनी होता आणि तिच्या तळहातावर बसून अजूनही गात होता. सगळं गाणं म्हणून झाल्यावर तो 'कुक्-कू, कुक्-कू' करून गप्प झाला.

मग मिमीआजी खो खो हसत सुटली. "एर्टी! शेपूट दिसली होय रे तुला? त्याची वायर का?"

आजोबांचे कान लालबुंद झाले. "एकतीस वर्षं पक्षी मोजतोय मी," ते पुटपुटले, "आणि डबा मोजला!"

तंबू हलला. विंटलकाका गुडघे झाडत बाहेर आले. "अहो, एवढं काय त्यात? मी त्याला हातही लावला नाही. बागेत फांद्या मध्ये येतात. मला मोकळ्या आकाशासमोर एक फोटो हवा होता, बस्स. आणि तो उत्तर देत होता, छान गात होता! मला वाटलं, खूश आहे."

ओस्लाला रडू येत होतं, म्हणून तिने वही उघडली. आकडे वाचताना रडू येत नाही.

"सोमवारी पाच पॉइंट नऊ. मंगळवारी पाच पॉइंट चार. आज चार पॉइंट नऊ. एका तासात अकरा फेऱ्या. खायला उरली एकोणीस मिनिटं. काका, त्याचं सगळं वजन तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याएवढंही नाही. त्यातला एक ग्रॅम तुम्ही घालवलात. आणि आज वादळ येतंय."

विंटलकाकांचा हात खिशातल्या किल्ल्यांवर गेला.

"एवढ्या लांबून एकटाच आलाय तो," गिबी म्हणाला. "त्याला वाटलं, इथे आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे."

काका तिथेच एका दगडावर बसले. मग त्यांनी हात पुढे केला, ओस्लाकडून डबा घेतला आणि त्याची बॅटरी काढून थोरामावशीच्या हातात ठेवली.

"मी हा विचारच केला नाही," ते म्हणाले.

"विचार नाही केलात?" मिमीआजी कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझ्या टेबलावर पाच-पाच बॅनक खाता आणि माझ्या झाडावरचा पाहुणा उपाशी ठेवता? चला! वादळाला अजून चार तास आहेत. बागेच्या फाटकावर बसायचं आणि कुणाला आत सोडायचं नाही. तुम्हीसुद्धा आत जायचं नाही!"

आणि खरोखर, अंधार पडेपर्यंत विंटलकाका फाटकावर बसून राहिले. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून दोन पाहुणे कॅमेरे घेऊन आले, त्यांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. संध्याकाळी एर्टीआजोबांनी सगळ्यांसमोर नोंदवहीतला 'दोन' खोडला, त्यावर 'एक' लिहिलं आणि शेजारी सही केली.

मग वादळ आलं. रात्रभर आणि दुसरा सगळा दिवस ते कौलांवर आपटत होतं. कुणी घराबाहेर पाऊल टाकू शकलं नाही. ओस्ला खिडकीला नाक लावून बसली होती. चारही झाडं आडवी होत होती, उठत होती, पुन्हा आडवी होत होती.

"असेल ना गं तो?" गिबीने दहाव्यांदा विचारलं.

"मला माहीत नाही," ओस्ला म्हणाली. तिला खोटं सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी पहाटे वारा पडला. तिघं बूट धड न बांधताच धावले. झाडांवर एक पान उरलं नव्हतं. लाउरीने फांदी न् फांदी पाहिली. काही नाही. भिंतीची फट न् फट पाहिली. काही नाही.

"ओस्ला," गिबी अगदी हळू म्हणाला. "हलू नकोस. खाली बघ."

बागेच्या कोपऱ्यात मिमीआजीने बटाट्यांच्या खतासाठी समुद्रातल्या शेवाळाचा ढीग रचला होता. तो कुजून त्यावर माश्यांचे थवे उठत होते. आणि त्या थव्यांत एक सोनेरी ठिपका नाचत होता! उडी, चोच, माशी. उडी, चोच, माशी. वहीची आठवण झाली तेव्हा ओस्लाने एक मिनिट मोजलं. एकतीस माश्या!

ती जमिनीवर बसून राहिली. पक्षी तिच्या बुटापासून हातभर अंतरावर आला. पायातलं कडं चमकलं. त्याने एका काळ्याभोर डोळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागला.

मागून थोरामावशी आली. तिच्या हातात जाळं होतं आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "लावू का जाळं? दोन मिनिटांत वजन कळेल. तुझी नोंद पुरी होईल."

ओस्लाला तो आकडा हवा होता. जगात दुसरं काही नको, इतका हवा होता. पाच पॉइंट किती? वहीत रकाना आखलेला होता. तिने पक्ष्याकडे पाहिलं. उडी, चोच, माशी.

"नको," ती म्हणाली.

मावशीने जाळं गुंडाळून काखेत मारलं आणि ओस्लाच्या शेजारी ओल्या गवतात बसकण मारली. "मी पंधरा वर्षं हे काम करतेय," ती म्हणाली. "नको म्हणायला मला दहा वर्षं लागली होती."

दुपारी ऊन पडलं. तीनच्या सुमाराला सोनपाठी भिंतीवर आला, तिथून सर्वांत उंच फांदीवर गेला, आणि मग वर, आणखी वर. गिबीच्या डोळ्यांनाही तो दिसेनासा झाला, तरी तिघं माना वर करून उभेच होते.

संध्याकाळी केंद्र गच्च भरलं होतं. मिमीआजीने बॅनकची टोपली आणली होती आणि ती फक्त तीन जणांपुढे ठेवली होती. विंटलकाका दाराशी उभे होते. कॅमेरा त्यांनी आणला नव्हता.

"सोनपाठी वटवट्या," एर्टीआजोबांनी वाचलं. "एक. दुपारी तीन वाजता गेला. वजन?"

"घेतलं नाही, आजोबा."

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत कडं घातलेल्या पक्ष्याच्या वजनाचा रकाना कधी रिकामा राहिला नव्हता.

"का बरं?"

"तो जेवत होता," ओस्ला म्हणाली.

आजोबांनी पेन उचललं. मग त्यांनी त्या रकान्यात लहान, नीटस अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि वही मुलांकडे वळवली. गिबीने मोठ्याने वाचलं:

"वजन घेतले नाही. पक्षी जेवत होता. निरीक्षक: ओस्ला, लाउरी, गिबी."