रविवारची मात्रा

त्या गुरुवारी दुपारचा चहा आला तेव्हा हेमांगी खातूच्या पडद्यावर तिचे वडील होते. म्हणजे त्यांची रेषा होती. रुग्ण क्रमांक चव्वेचाळीस, वय त्र्याहत्तर, उजव्या खुब्याचा सांधा बदलून एकशे बारा दिवस.

प्रयोगशाळा पाहायला आलेल्या शल्यविशारद बाईंना काझीसर समजावत होते. "अफूवर्गातलं औषध फक्त पहिले तीन दिवस. प्रत्येक मात्रेबरोबर मनगटावरचा हा पट्टा एक ठरावीक आवाज ऐकवतो. मेंदू दोन्हींची सांगड घालतो. चौथ्या दिवसापासून रुग्णाने बटण दाबून नुसता आवाज ऐकायचा. शरीर स्वतःचंच शामक तयार करतं. ही आमची संकेतमात्रा. रेषा म्हणजे त्या शामकाचं प्रमाण."

"मेंदूला फसवणूक कळत नाही?"

"कळते ना. वीस-बावीस दिवसांत संकेत विझतो. म्हणून आठवड्याला एक दृढक गोळी, औषधाचा कणभर अंश. बक्षीस मिळत राहिलं तरच सांगड टिकते. याला अपवाद नाही." मग हेमांगीच्या पडद्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हिचे बाबा आमचे सगळ्यात आज्ञाधारक रुग्ण. मुलगी मात्र ऐकत नाही."

संकेत ज्याने त्याने निवडायचा होता. कुणी घंटा घेतली, कुणी बासरी. दिगंबर खातूंनी रुग्णालयात खाटेवर पडल्या पडल्या मुलीला सांगितलं होतं, "घंटा नको. तूच विचार काहीतरी." तिने पट्टा तोंडाशी धरून घाईघाईत विचारलं होतं, "बाबा, फार दुखतंय का?" तेवढंच ध्वनिमुद्रित झालं.

चार वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन थरथरला. बाबा. तिने पडद्याकडे पाहिलं. आठवड्याची सरासरी हिरवी होती, जराशी फिकट. तिने फोन कापला आणि निरोप टाकला, 'अहवालाच्या गडबडीत आहे. उद्या करते.' उत्तर आलं, 'ठीक.'

शुक्रवारी सकाळी हर्णैहून बाबांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच हृदय थांबलं होतं. खुब्याचा किंवा उपचाराचा काही संबंध नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

पुढचे चौदा दिवस ती भेटेल त्याला सांगत राहिली, मी ठीक आहे. पंधराव्या दिवशी ती कामावर आली आणि पर्समधून एक पाकीट काढून काझीसरांच्या टेबलावर ठेवलं. ते बाबांच्या कपाटात पावसाच्या नोंदवह्यांमागे सापडलं होतं. दृढक गोळ्या. मोहोर शाबूत.

काझीसर खुर्चीत बसले. एकही गोळी नाही आणि रेषा सोळा आठवडे उभी, म्हणजे संकेत बक्षिसाशिवाय टिकतो, असं ते हळू आवाजात म्हणाले. मग तिची क्षमा मागून म्हणाले की नाव न घालता ही नोंद अहवालात जायला हवी. पुढच्या रुग्णांना गोळीसुद्धा द्यावी लागणार नाही. हेमांगीला लोभ वाटला. बाबा कशाचा तरी पुरावा होतील. पण निष्कर्ष चुकला, तर हजारो माणसं विझणारा संकेत मनगटावर बांधून घरी जातील.

बाबा हवामान केंद्रात निरीक्षक होते. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं, असं ते सांगत. रकाना रिकामा सोडायचा नाही.

तिने रेषा तासातासाने उलगडली. ती सपाट नव्हती. करवतीच्या दात्यांसारखी होती: आठवडाभर उतरायची आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास उसळायची. सांध्याची वेदना तर सत्तराव्या दिवसापासून शून्य होती. तरी बटण दाबलं जात होतं.

तिने फोनमधली यादी उघडली. रविवार, सहा वीस, चार मिनिटं. रविवार, सहा पंचवीस, तीन मिनिटं. ते पावसाच्या मिलिमीटरांबद्दल बोलत, पाण्याच्या पंपाबद्दल बोलत. दुखण्याचं तिने कधी विचारलं नाही. ते पडद्यावर दिसत होतं.

शेवटच्या तीन रविवारी फोन नव्हता. अहवाल होता. त्या तीन रविवारी रेषा उसळली नाही, घसरतच गेली. शेवटच्या गुरुवारी सकाळपासून एकोणीस वेळा बटण दाबलेलं होतं. शामक: शून्य. शेवटची वेळ, चार वाजून आठ मिनिटं.

मग त्यांनी फोन लावला होता.

तिने नोंद लिहिली: 'रुग्ण ४४. दृढक गोळी घेतली नाही. दृढक मिळत होतं: मुलीचा फोन, आठवड्यातून एकदा. शेवटचे तीन आठवडे: शून्य. सांगड नियमाप्रमाणे विझली.' काझीसरांनी ती उभ्यानेच वाचली. मग तिचा गार झालेला कप उचलून ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

बाबांचा पट्टा पर्समध्येच होता. तिने तो मनगटावर बांधला. बाबा लावायचे त्या भोकात तो सैल बसला. तिने बटण दाबलं.

ध्वनिमुद्रणात मागे रुग्णालयातल्या ढकलगाडीची चाकं वाजली. मग तिचाच आवाज, घाईतला: "बाबा, फार दुखतंय का?"

"हो," ती म्हणाली. "फार दुखतंय."