गुडघ्यांवरची भोकं

"कसर!" रान्हिल्ड मावशी ओरडली आणि दोरीवरची पँट तिने आभाळाकडे उंच धरली. "बघा, बघा! आरपार!"

पँटीच्या दोन्ही गुडघ्यांची चाळण झाली होती. डाव्या गुडघ्यातून समुद्र दिसत होता आणि उजव्यातून शेजारचं बेट.

"ही चौथी! आधी माझी, मग मामाची, मग सुनीव्हाच्या बाबांची आणि आता आजोबांची!"

"पण आई, कसर फक्त गुडघेच कशी खाते?" मावशीच्या मुलाने, एस्किलने विचारलं. तो तेरा वर्षांचा होता आणि त्याला प्रश्न विचारायची सवय होती. घरात ही सवय कोणाला फारशी आवडत नसे.

"गुडघ्याचा भाग नरम असतो," नऊ वर्षांच्या तोर्युसने शास्त्रीय माहिती पुरवली. "कोंबडीचापण!"

त्याची बहीण सुनीव्हा मात्र हसली नाही. तिचं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पेटीकडे होतं. त्या पेटीत आयडर बदकाची सात अंडी होती. पिल्लांच्या आईला मिंकने, मुंगसासारख्या एका शिकारी प्राण्याने मारलं, तेव्हा पलीकडच्या बेटावर बदकांची घरटी सांभाळणाऱ्या आस्लॉग आजींनी ती सुनीव्हाच्या हवाली केली होती. त्यांची स्वतःची उबवणीची पेटी आधीच भरलेली होती, म्हणून जुनी पेटीही दिली होती. "ऊब तुटू देऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्यांचं म्हणायला काय जातंय! आस्लॉग आजींच्या बेटावर वीज तारेने येई. आजोबांच्या बेटावर ती आभाळातून येई, आणि नॉर्वेच्या या किनाऱ्यावर आभाळाची मर्जी राखणं अजून कोणाला जमलेलं नाही. छपरावर सौर पॅनेल, मागच्या खोपटात चार दांडग्या बॅटऱ्या, आणि त्यांच्या जोरावर फ्रिज, पाण्याचा पंप आणि सात अंडी. गेला आठवडाभर रोज पहाटे त्या बॅटऱ्या मान टाकत होत्या. सकाळी सुनीव्हा उठून पाहते, तर पेटीचा दिवा विझलेला आणि अंडी कोमट!

उन्हाळ्यात तिथे रात्रीही उजेडच असतो. त्यामुळे घरात दिवे कोणी लावत नव्हतं आणि वीज गेल्याचं दुःख सुनीव्हा सोडून कोणालाही नव्हतं.

"मामा, बॅटऱ्यांचं काहीतरी कर ना!" तिने कॉफीच्या वेळी पुन्हा एकदा विषय काढला.

हालवार्ड मामा नगरपालिकेत रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा सल्लागार होता. सल्ला द्यायचं त्याच्या अंगवळणीच पडलं होतं. "पाणी कमी झालं असेल," तो म्हणाला. "बॅटरी गाईसारखी असते. पाजलं तर देते."

"मग कोणी पाणी घातलं का तिच्यात?"

चारही मोठी माणसं एकदम आपापल्या कपात बघू लागली. "घालायला हवं कोणीतरी," बाबा पुटपुटले.

शेवटी मामा सगळ्यांना घेऊन खोपटात गेला आणि त्याने एकेक झाकण उघडलं. आत पाणी काठोकाठ होतं.

"झालं तर मग!" मामा खूश झाला. "दोष पाण्याचा नाही. बॅटऱ्याच म्हाताऱ्या झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात सगळे बसून ठरवू आणि नव्या आणू."

"पण मामा, अंडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणार आहेत का?"

मामाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "निसर्ग आहे, बाळ," तो म्हणाला आणि वॉफल खायला निघून गेला.

आता निसर्गाशी भांडायचं तरी कसं? त्यातच पावसाची झड लागली आणि पॅनेलवर उजेड कमी नि गोगलगायी जास्त दिसू लागल्या. मुलांनी लाकडाच्या चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या आणि लोकरीच्या टोप्यांत गुंडाळून अंड्यांशेजारी ठेवल्या. बाटल्या निवायच्या, मुलं पुन्हा भरायची. तोर्युसने तर एक अंडं स्वेटरखाली घेऊन खुर्चीतच बैठक मारली.

"मी बदक आहे. मला जेवायला बोलवू नका."

"बदक एवढं बोलत नाही," एस्किल म्हणाला.

सुनीव्हा अंडी कानाला लावून बघत होती. काहींतून बारीक टकटक येत होती. दोन मुकी होती. मुकं म्हणजे झोपलेलं की मेलेलं, हे अंडं सांगत नाही.

"कोणीतरी चोरून वीज वापरतंय," एस्किलने रात्रीच्या जेवणानंतर जाहीर केलं. "गुपचूप शेगडी लावत असणार! उद्या सकाळी खोपटावर पहारा."

दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपताच तिघं माशांच्या खोक्यांमागे दबा धरून बसली. अंगावर पाऊस, नाकात हेरिंगचा वास. थोड्या वेळाने मामा आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोटाखालून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काढला आणि आत शिरला.

"शेगडी नाही, पाणी!" सुनीव्हा कुजबुजली.

मामा गेला आणि मावशी आली, ॲप्रनखाली कॅन घेऊन. मावशी गेली आणि बाबा आले. बाबा गेले, तोच काठी टेकत आजोबा आले. कॅन लपवायला त्यांना जागा नव्हती, म्हणून तो त्यांनी टोपीने झाकला होता.

"हे कसले चोर?" तोर्युसचे डोळे विस्फारले. "न्यायचं सोडून आणून टाकतायत!"

सुनीव्हाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या घराण्यात काम दुसऱ्यावर ढकलणं हे पाप होतं, पण केलेलं काम बोलून दाखवणं हे त्याहून मोठं पाप होतं. शेजाऱ्याची बोट चोरणारा एक वेळ माफ झाला असता. "मी केलं" म्हणणारा कधीच झाला नसता! म्हणून चौघंही गुपचूप सत्कृत्य करत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बॅटऱ्यांची काळजी असलेला अख्ख्या घरात आपण एकटाच.

आजोबा गेल्यावर मुलं आत शिरली. बॅटऱ्यांच्या झाकणांभोवती ओल होती, खाली पांढरट खरपुड्या होत्या आणि समोरच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. सुनीव्हा बघायला गुडघे टेकणार, इतक्यात थबकली.

"एस्किल! पाणी घालायला इथे काय करावं लागतं?"

"गुडघे टेकावे..." एस्किलने आ वासला. "कसर!"

"थांब, हात लावू नकोस! तोर्युस, वॉफलचा सोडा आण!"

त्यांनी लांबूनच ओल्या फळीवर खाण्याचा सोडा भुरभुरला. फस्स्! फळीवर पांढरा फेस उसळला. शाळेत बाईंनी बशीत करून दाखवलं होतं, ते हेच! आम्ल!

पण हे मोठ्यांना सांगायचं कसं? एस्किलने प्रयत्न केला. "आई, पाणी जास्त झालंय," तो म्हणाला. मावशीने उत्तर दिलं, "पाणी कधी जास्त होतं का रे?" बाबांनी तर त्याला सूर्य कसा काम करतो ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. तोवर आणखी एका अंड्याची टकटक थांबली.

"सांगून ऐकणार नाहीत," सुनीव्हा म्हणाली. "आपण विचारू या. शिकवायला मिळालं तर मामा उपाशी राहील."

पुढच्या दिवशी दुपारपर्यंत कडक ऊन होतं. चार्जरवर बॅटऱ्या पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा लागला, तशी सुनीव्हा मामापाशी गेली.

"मामा, खोपटात ती काचेची नळी आहे ना, आत काटा तरंगणारी? ती कशाला असते रे? आम्हाला काही कळतच नाही."

मामाचा चेहरा असा उजळला की त्यावर एखादं पॅनेल लावता आलं असतं! त्याने चष्मा चढवला, हातमोजे घातले आणि सगळ्या घराला गोळा केलं. "आतल्या पाण्यात आम्ल भरपूर असलं, की काटा वर तरंगतो. हिरव्यात. बघा हं!" तो खाली बसला, पहिल्या बॅटरीतलं पाणी त्याने नळीत ओढून घेतलं. काटा बुडाला. लाल!

दुसरी बॅटरी. लाल. तिसरी. लाल. चौथी बघायची मामाची इच्छा राहिली नव्हती.

"चार्ज कमी असेल," तो म्हणाला.

"पण हिरवा दिवा लागलाय की!" एस्किल म्हणाला.

"पाणी काठोकाठ, चार्ज पूर्ण, तरी काटा लाल," सुनीव्हा म्हणाली. "मग आम्ल गेलं कुठे, मामा?"

"आम्ल कुठे जात नसतं. पाणी उडून जातं, आम्ल आतच..."

तोर्युस पुढे झाला आणि त्याने मामाच्या ओल्या गुडघ्यावर चमचाभर सोडा ओतला. फस्स्स्!

"आम्ल इथे आहे," तो म्हणाला. "तुझ्या गुडघ्यात."

एकेकाची नजर आपापल्या गुडघ्याकडे गेली.

"मी... रोज सकाळी जरासं घालत होते," मावशी म्हणाली.

"तू? अगं, मी घालत होतो!" मामा ओरडला.

"मीपण," बाबा म्हणाले.

"मी संध्याकाळीही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली.

"काठोकाठ भरलं, की चार्ज होताना ते फुगतं, बुडबुडे येतात आणि आम्लासकट बाहेर सांडतं," एस्किलने सांगून टाकलं. "दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा साधं पाणी घालता. पुन्हा सांडतं. आता आत राहिलंय नुसतं सरबत!"

मामा गुडघा धुऊन आला. त्याने कधी नव्हे तो सल्ला दिला नाही. बॅटरीवाल्याला निरोप गेला. आतलं आम्ल पुन्हा नीट करायचं काम त्याचं, पण तो येणार गुरुवारी.

"आणि तोवर?" सुनीव्हाने विचारलं.

चार मोठी माणसं, तीन वॉफल आणि एक काठी एवढा सगळा जमाव लाकडाच्या चुलीकडे वळला.

मग बाटल्याच! पण आता सात जणांच्या पाळ्या लागल्या आणि सुनीव्हाने नियम केला की बाटली बदलणाऱ्याने ते मोठ्याने सांगायचं. नाहीतर चौघंही गुपचूप चार-चार बाटल्या ठेवतील आणि अंडी उकडतील! मावशी पहिल्या वेळी लालबुंद झाली. "मी बदलली!" ती अशा सुरात म्हणाली, जणू बँक लुटल्याची कबुली देत होती.

गुरुवारी बॅटरीवाला आला. शनिवारी पहिलं अंडं तडकलं. मग दुसरं, मग तिसरं. ओली, काळपट, सतत तक्रार करणारी तीन पिल्लं! उरलेली चार अंडी सुनीव्हा संध्याकाळपर्यंत एकेक करून कानाला लावत राहिली. शेवटी बाबांनीच ती हळूच तिच्या हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी आस्लॉग आजी होडी घेऊन आल्या. खाडीत एक आयडर मादी पाच पिल्लं घेऊन पोहत होती. "ती घेईल," त्या म्हणाल्या. "बहुतेक."

सुनीव्हाने तिन्ही पिल्लं पाण्यात सोडली. मादी बिचकून लांब गेली. पिल्लं चिवचिवत तिच्या मागे धावली. सुनीव्हा गुडघाभर पाण्यात उतरली, पण आजींनी तिला मागे ओढलं.

"नको. आता तुझ्या हातात काही नाही."

सगळं घर किनाऱ्यावर श्वास रोखून उभं होतं. मादीने एक वळसा घातला, मान वळवून पाहिलं आणि ती थांबली. पाचांची आठ झाली.

"तिघांनी केलं हे," मामा मोठ्याने म्हणाला. "आम्ही चौघांनी बिघडवलं आणि या तिघांनी शोधलं!"

आजोबांनी घसा खाकरला. "वाईट नाही," ते म्हणाले. त्या घरात याहून मोठी स्तुती अस्तित्वात नव्हती. तोर्युस ऐकून चार इंच उंच झाला आणि एस्किलला पहिल्यांदाच विचारायला प्रश्न सुचेना.

सुनीव्हाने मान हलवली, पण तिचे डोळे पाण्यावर होते. ती पुन्हा पुन्हा बघत होती. आठांमधली आपली तीन कोणती, हे तिला आता काही केल्या ओळखता येत नव्हतं.