दारापर्यंत आलेली पानं

ज्यांना हे पटणार नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्यात पदरचा एक शब्द नाही.

आणखी एक. रात्र नव्हती. अंधारही नव्हता.

मागच्या पानगळीतली, डोंगरावरची लख्ख उन्हाची संध्याकाळ होती. समोरचा देखावा असा, की डोळ्यांचं पारणं फिटावं.

म्हणूनच कदाचित मला अजून ऊन सहन होत नाही.

ताई माझ्याहून मोठी. शिवणकाम करते. पाठीच्या ऑपरेशननंतर सगळा उन्हाळा ती अंथरुणाला खिळून होती. एकच खोली, एकच खिडकी, आणि खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. मी तरी काय वेगळा जगतो? हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईघरात माझी नोकरी. चादरी, वाफ आणि ट्यूबलाइट. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते वरून येणाऱ्याच्या ओल्या छत्रीवरून कळतं.

डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिली, तेव्हा ताई म्हणाली, “धाकट्या, मला कुठेतरी ने. जिथे भिंत दिसणार नाही.”

म्हणून आम्ही डोंगरात गेलो.

अख्खा उतार पेटल्यासारखा दिसत होता. पिवळा, केशरी, तांबडा… आणि मधूनमधून झाडांची पांढरीशुभ्र खोडं. रोपवेने वर गेलो. ताई पानांचे ढीग तुडवत लहान मुलीसारखी फिरली. मी “पाठ सांभाळ, पाठ सांभाळ” करत मागे, आणि ती “तू घरीच राहायचं होतंस” म्हणत पुढे.

परतीच्या शेवटच्या फेरीला फक्त आम्ही दोघं होतो. काचेचा छोटा डबा, आत समोरासमोर दोन बाकडी. मागचे-पुढचे सगळे डबे रिकामे.

वरच्या स्टेशनवर एक मिशीवाला ऑपरेटर होता. दार लावताना त्याने आतल्या लाल दांडीकडे बोट दाखवलं. “हिला हात लावायचा नाही. दार उघडतं हिने.”

“मला नका सांगू, याला सांगा,” ताई म्हणाली. “दिसेल ते बटण दाबायची सवय आहे याला. मशीन चालवतो ना दिवसभर.”

ऑपरेटर हसला. डबा सुटला.

अर्धी वाट उतरलो असू…

धक्का बसला. डबा हेलकावला. आणि थांबला.

छतातला स्पीकर खरखरला. “लाइट गेली आहे. जनरेटर सुरू करतोय. जागेवर बसून राहा.”

मग स्पीकरही गप्प झाला.

सुरुवातीला आम्ही मजेत होतो. फोटो काढले. खाली झाडांचे शेंडे इतके लांब, की गालिचा अंथरल्यासारखे. त्यापलीकडे गावातली घरं काडेपेट्यांएवढी.

वेळ जाऊ लागला, तशी ताई चुळबुळ करू लागली. तिने काचेवर हात ठेवला. मग दुसऱ्या काचेवर. मग छताला लावून पाहिला.

“पुन्हा पेटीतच आले की रे मी,” ती हळूच म्हणाली.

“सुरू होईल आत्ता.”

“श्वास घेता येत नाहीये मला.”

मी सरकती झडप उघडायला गेलो. बोटभर उघडली आणि अडकली. फोनला रेंज नव्हती. मी स्पीकरकडे पाहून दोनदा ओरडलो. ते बोलणं एकाच बाजूने चालतं, हे माहीत असूनही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं…

कसलाच आवाज येत नव्हता.

पाखरं नाहीत. वारा नाही. इतका वेळ काचेसमोरून पानं भिरभिरत जात होती, तीही थांबली होती. लटकत्या डब्याची करकरसुद्धा बंद.

आणि मग…

चर्र.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

चर्र… चर्र…

“तार असेल,” मी म्हणालो.

“तार अशी वाजते का? वाळलेल्या पानांवरून कोणीतरी चालतंय.”

“मग खाली जंगलात असेल कोणी.”

ताईने मान हलवली. तिने बोटाने खाली दाखवलं. जंगलाकडे नाही. आमच्या पायांकडे.

“इथे रे. फरशीच्या खाली.”

मी श्वास रोखून ऐकलं. तिचं खरं होतं. पावलं आमच्या बरोबर खाली होती. जिथे पाय ठेवायला काही नव्हतंच, तिथे. चर्र… चर्र… माझ्या बाकड्याखालून गेली. पाठीमागच्या काचेला लागून गेली. मी वळून पाहिलं. बाहेर नुसती दरी.

पावलं डब्याला वळसा घालून दाराशी आली…

आणि थांबली.

“बघू नकोस,” ताई म्हणाली.

पण आम्ही दोघांनीही पाहिलं.

दाराबाहेर जमीन होती.

मला वेडा म्हणा. बाकी तिन्ही काचांतून दरी दिसत होती, तशीच खोल. पण दारासमोर, उंबऱ्याला अगदी टेकून, सोनेरी पानांचा जाड थर पसरला होता. मऊ. ओलसर. त्यातून एक पायवाट पांढऱ्या खोडांमधून वळत आत गेली होती. बंद दारातून मला पानांचा वास आला. पाऊस पडून गेल्यावर येतो, तसा.

इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही.

आणि खरं सांगतो, मला भीती वाटलीच नाही. मनात एकच आलं… एवढंसं तर पाऊल टाकायचं आहे. टाकलं, की बाहेर.

“धाकट्या, हे खरं नाही,” ताईचा आवाज आला. की मीच म्हणालो, “ताई, हे खरं नाही”? आता सांगता येत नाही.

सूर्य कड्याशी टेकला आणि त्याचा झोत सरळ डब्यात शिरला. सगळं सोनेरी झालं. डोळे दिपले. समोरचं बाकडं दिसेना, ताई दिसेना.

खट्ट.

लाल दांडीचा आवाज.

गार वारा आत घुसला. मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दार उघडं होतं. दारात पाठमोरी काळी आकृती उभी होती. एक पाय बाहेर. आणि तो पाय पानांवर टेकत होता… चर्र…

“ताई!”

मी झेप घेतली. दोन्ही हातांनी तिचा दंड धरला आणि जिवाच्या आकांताने मागे ओढलं. वाटलं होतं, हिसका देईल. पण ती अलगद आली. अगदी हलकी. हात मात्र गार… धुलाईघरात हिवाळ्यात नळाचं पाणी असतं, तसा.

त्याच क्षणी डबा हादरला. जनरेटर सुरू झाला होता. दार आपटून बंद झालं. सूर्य कड्यामागे गेला आणि डोळ्यांसमोरचा झगमगाट विझला.

मी माझ्या बाकड्यावर कोसळलो होतो. ताई समोरच्या बाकड्यावर, तोंडावर हात धरून.

दाराबाहेर दरी होती. नुसती दरी.

मी फक्त तिच्याकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे. एकदा मनात आलं, की डबा माझ्या बाजूला जरा जास्तच कललाय. वाऱ्याने असेल, म्हटलं.

खालच्या स्टेशनवर एका बाईने बाहेरून दार उघडलं. लाल दांडी खाली ओढलेली दिसली आणि ती भडकली.

“ही कोणी ओढली? जीव नकोसा झालाय का तुम्हाला?”

“हिने,” मी म्हणालो.

“याने,” ताई म्हणाली.

दोघांच्या तोंडून एकदमच आलं.

“भांडण घरी जाऊन करा. उतरा आता, मला बंद करायचंय.”

आम्ही उतरलो. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मला तिचा राग आला होता. वाटलं, लाज वाटून माझ्यावर ढकलते आहे. मुक्कामाच्या खोलीवर पोचल्यावर मी सगळे दिवे लावले, दार लावलं आणि समजावणीच्या सुरात म्हणालो, “हे बघ ताई, कोंडल्यासारखं झालं की माणूस असं करतो. मी घरी कोणाला सांगणार नाही. पण तू दार उघडलंस.”



“मी?” ती म्हणाली. “अरे, मी तर बाकड्यावरून हललेच नव्हते. दांडी वाजली, बघते तर तू दारात. एक पाय बाहेर टाकलास. पाठीची पर्वा न करता उठले आणि मागून तुझा दंड धरला. दोन्ही हातांनी ओढलं तुला.”

“मला?”

“तुला नाही तर कोणाला? हात इतका गार पडला होता तुझा, की मला रडू फुटलं. म्हटलं, गेला माझा भाऊ.”

मी तिच्याकडे पाहिलं. ताईच्या अंगात जाड लोकरी कोट होता. सकाळपासून तिने तो काढला नव्हता.

मी धरलेला हात उघडा होता. माझ्या तळव्याला कातडी लागली होती. गार कातडी.

“ताई,” मी म्हणालो, “तू धरलास तो हात… त्यावर बाही होती?”

माझ्या अंगात पूर्ण बाह्यांचं स्वेटर होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. नंतर स्वतःच्या तळव्यांकडे.

मग ती उठली आणि खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ टेकून बसली. पूर्ण उन्हाळा जिला भिंत नको झाली होती, ती.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी परतलो. या विषयावर पुन्हा बोललो नाही. ती आता माझ्याकडेच राहते. एकटं राहायचं नाही म्हणते, आणि मलाही ते बरंच वाटतं. कधी जेवताना आमची नजर एकमेकांना भिडते आणि मला कळतं, तिच्याही डोक्यात तेच चाललंय.

ती दारात नव्हती. मी दारात नव्हतो.

तरी आम्ही दोघांनी मिळून कोणाला तरी धरलं. जीव तोडून ओढलं. आणि आत घेतलं.

ते कोण होतं, हा प्रश्न मी हल्ली स्वतःला विचारत नाही.

मला वेगळाच प्रश्न पडतो. डबा खाली पोचला, दार उघडलं, आम्ही दोघं उतरलो…

ते कुठे उतरलं?