बुवाला हवा तो खाऊ

चंद्रावरच्या शीतलनगर वसाहतीत, शेतीकक्षातल्या वाफ्याशेजारी हेमांगी साळुंखेनं सूर्यफुलाची एक बी सोलली आणि पोपटासमोर धरली. पोपटानं ती चोचीत घेतली, जिभेवर फिरवली आणि सोडून दिली. चंद्रावर सगळंच सावकाश पडतं. बी जमिनीला टेकेपर्यंत बुवानं तोंड फिरवलंही होतं.

बुवा म्हणजे राखी अंगाचा, लाल शेपटीचा, चांगलाच वयस्क पोपट. सकाळी डोळे मिटून आलाप घेतल्यासारखा लांबलचक आवाज काढायचा, म्हणून हेमांगीच्या नवऱ्यानं, निशिकांतनं, त्याला हे नाव दिलं होतं. निशिकांत खोदकामाचा अभियंता. वसाहतीबाहेर काम करताना त्याचा दाबपोशाख फाटला आणि तो गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. हेमांगी तेव्हा रडली नाही आणि नंतरही नाही. वाफे, पिकं, पाण्याचं चक्र, सगळं तिनं वेळच्या वेळी सांभाळलं. बाई खंबीर आहे, असं लोक म्हणत. तिला मात्र ठाऊक होतं की तिला काही वाटतच नाही. जेवायची वेळ झाली की ती जेवायची आणि पडल्या पडल्या झोपायची.

आता सुरक्षाविभागाचा नवा नियम आला होता. भोंगा वाजला की प्रत्येक पाळीव जीवानं आपणहून आपल्या रक्षाकोशात, म्हणजे हवाबंद पेटीत, शिरायचं. हवा जाऊ लागल्यावर कुणाच्या मागं धावायला वेळ नसतो. ज्याला हे शिकवता येणार नाही, त्याची पुढच्या यानानं पृथ्वीवर रवानगी. यान उतरताना अंगावर येणारा भार या वयात बुवाला सोसणार नव्हता. म्हणजे रवानगीचा अर्थ उघड होता.

शिकवायचं तर खाऊ हवा आणि बुवाला काहीच पसंत पडत नव्हतं. भिजवलेले हरभरे, डाळिंबाचे दाणे, ओली मिरची, शेंगदाणे, खारकेचा तुकडा. पोट भरण्यापुरतं ताटलीतलं तो खायचा, पण हातातून दिलेलं प्रत्येक वेळी टाकायचा.

शेवटी तिनं डॉ. अंजुम मुल्लाला बोलावलं. अंजुम मेंदूविज्ञानातली आणि वसाहतीतली तिची एकमेव मैत्रीण. तिनं येताना अपेक्षामापक आणला होता. करदोड्याएवढ्या जाड तारेची एक हलकी टोपी आणि हातात धरायचा पडदा. बुवानं टोपी निमूटपणे घालून घेतली.

हेमांगीनं एक दाणा पुढं केला. पडद्यावरची रेघ मधल्या शून्यावरून खाली गेली.

"आवडत नाही त्याला," हेमांगी म्हणाली.

"हा आवड मोजतच नाही," अंजुम म्हणाली. "मेंदू खाऊ मोजत नाही गं. काय मिळेल असं वाटलं होतं आणि काय मिळालं, त्यातला फरक तो मोजतो. वाटलं त्याहून जास्त मिळालं तर रेघ वर, आणि ती वर गेली तरच आधी केलेली गोष्ट पक्की होते. वाटलं तेवढंच मिळालं की शून्य. मग कितीही गोड असो, काही शिकलं जात नाही."

"आणि खाली गेली तर?"

"तर त्याला याहून मोठं काहीतरी मिळणार होतं. कशाची तरी वाट बघतोय हा."

तेवढ्यात दार सरकलं, सामान घेऊन येणारी गाडी आत शिरली आणि भिंतीतून निशिकांतचा आवाज आला, "बुवा, आलो रे!"

रेघ एकदम वर उसळली. बुवा मान ताणून दाराकडं पाहत राहिला. दारातून गाडीशिवाय कुणी आलं नाही, तशी रेघ हळूहळू खाली घसरली.

अंजुमनं पडद्यावरून नजर काढून भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाली, "हे कुणी लावलंय?"

"त्यानंच. बुवाला एकटं वाटू नये म्हणून. दार उघडलं की वाजतं."

"अजून?"

"बंद करायचं राहून गेलं."

"हेमांगी, दिवसभर हे दार उघडतंय. दर वेळी त्याला वाटतं, माणूस आला. त्यापुढं तुझा दाणा कसा टिकणार? त्याची अपेक्षा उतरल्याशिवाय जगातला कुठलाच खाऊ त्याला पुरणार नाही."

हेमांगीनं उठून आवाज बंद केला. दिवा मालवावा तसा. आपल्याला काही होतंय का, याची तिनं क्षणभर वाट पाहिली. काही झालं नाही.

बुवाला झालं. आधी तो दाराशी ओरडला. मग छातीवरची पिसं उपटू लागला. नंतर गप्प झाला, इतका की सकाळचा आलापही थांबला. "हे असंच होणार, धीर धर," असं अंजुम सांगत राहिली. रेघ रोज थोडी कमी खाली जाऊ लागली, मग शून्यावर येऊन पडून राहिली. आणि एका दुपारी बुवानं हेमांगीच्या बोटांतला हरभरा घेतला, फोडला, खाल्ला. रेघ वर गेली.

पुढचं झपाट्यानं झालं. कोशाकडं पाहिलं की हरभरा, पाऊल टाकलं की हरभरा, आत शिरला की डाळिंब. सुरक्षाविभागाच्या चाचणीला भोंगा वाजला, तेव्हा बुवा लांबलांब उड्या घेत कोशात जाऊन बसला. तपासनीस शेरा देऊन निघून गेले. अंजुमनं टाळी वाजवली.

हेमांगी खाऊ द्यायला वाकली. आतून आवाज आला, "हेमे, माझा एक मोजा कुठंय गं?"

निशिकांतचा आवाज. किंचित वैतागलेला, पलंगाखाली वाकून बोलल्यासारखा. हे भिंतीत कधी भरलेलं नव्हतं. हे फक्त तो म्हणायचा, रोज कामावर निघताना.

हेमांगीच्या हातातली वाटी सुटली आणि सगळे दाणे संथपणे कोशात बरसले. बुवाच्या डोक्यावर टोपी होतीच; पडद्यावरची त्याची रेघ कधी गेली नव्हती इतकी वर गेली.

"अगं, काय केलंस!" अंजुम म्हणाली. "आता हे पक्कं झालं. भोंगा, कोश, मोजा आणि खाऊ. त्याच्यासाठी ही एकच साखळी झाली."

"मोज्याला खाऊ दिला नाही तर?"

"तर कोशही सुटेल. चाचण्या दर महिन्याला आहेत." अंजुमनं तिच्या दंडाला धरलं. "तुला हे ऐकावं लागणार. पण थोडे दिवस. तुझाही मेंदू तसलाच आहे. भोंगा वाजला की आवाज येणार, हे एकदा ठाऊक झालं की तुझी रेघही शून्यावर येईल. मग काही वाटणार नाही."

हेमांगी गुडघ्यांवर बसली होती. तिचा श्वास लागला होता आणि घशात काहीतरी दुखत होतं. ते दुखणं ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"सराव कधी घ्यायचा ते तू ठरव," ती म्हणाली. "भोंगा तूच वाजव. कधीही. मला आधी कळू देऊ नकोस."