हिरव्या बांगड्यांचा आरसा

ऐकणाऱ्यानं मानावं, न मानावं. पण तळेगावात घडलं ते असंच घडलं. सुरुवात झाली गेल्या संक्रांतीच्या दिवसांत, भरदुपारी.

सुरभी ही नीलेशची दुसरी बायको. पहिली, रूपाली, पोटुशी असतानाच वारली होती. म्हणून लग्नाच्या दिवशी सासूनं, भागीरथाबाईनं, सुरभीच्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. सवतीचा टाक. रीत अशी, की लुगडं असो की बांगडी, घरात नवं काही आलं की आधी टाकाला लावायचं. गेलेलीचा मान आधी, मग आपण ल्यायचं.

सुरभी रीत पाळायची. कधी चुकली नाही.

चुकली ती आरशाच्या वेळी.

तिला सहावा महिना सरत आला होता. सासू लेकीकडे वर्ध्याला गेली होती. बाथरूम नवंच बांधलेलं, पण आरसा अगदी साधा, भिंतीला नुसती काच. बांगड्यांची चौकट कशी करतात ते सुरभीनं मोबाईलवर पाहिलं होतं. कपाटाच्या तळाशी तिला एक डबा सापडला. आत हिरव्यागार काचेच्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या, कोऱ्या.

तिनं गोंद लावून त्या आरशाभोवती बसवल्या. टाकाला काही लावल्या नाहीत. अंगावर कुठं घालायच्या आहेत, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी नीलेश हातपाय धुवायला गेला आणि आरशापुढे थबकला.

"कुठं भेटल्या ह्या?"

"डब्यात होत्या. काऊन? चांगलं नाई दिसत?"

"दिसते ना," तो म्हणाला... आणि तोंड न धुताच बाहेर आला.

दुसऱ्या दिवसापासून तो अंगणातल्या नळावर आंघोळ करू लागला.

"एवढ्या हौसेनं टाईल्स लावल्या, अन् मालक अंगणात आंघोळ करून राह्यले," सुरभी म्हणाली.

"उन्हात बरं वाटते," एवढंच तो बोलला.

एका दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली. घरात ती एकटीच. बाथरूमचं दार लोटलेलं.

आतून आवाज आला...

किण... किण...

कासारीण हात दाबून बांगडी चढवते ना, तसा. अडून अडून.

सुरभीनं दार ढकललं. आत कोणी नव्हतं.

चौकटीतली एक बांगडी नव्हती. खाली काच पडलेली नव्हती. भिंतीवर गोंदाचा गोल वळ तेवढा उरला होता.

त्या दिवशी पोटातलं बाळ हललं नाही.

दोन दिवस बरे गेले. मग पुन्हा तोच आवाज, पुन्हा एक बांगडी कमी... आणि पुन्हा पोट दगडासारखं गप्प. दवाखान्यात तपासलं, तर ठोके ठीक होते. पण आईला जे कळतं ते तिला कळत होतं. तिकडे एक बांगडी हातात चढायची आणि इकडे बाळ एक पाऊल लांब जायचं.

मग ती सकाळ आली. गरम पाण्याची वाफ कोंडली होती. सगळा आरसा धुरकट झालेला. मधोमध चेहऱ्याएवढी जागा मात्र स्वच्छ...

सुरभी त्या जागेपुढे उभी राहिली.

काचेत मागची भिंत दिसत होती. तिच्यावरच्या टाईल्स दिसत होत्या.

सुरभी दिसत नव्हती.

सुरभीचा फोन गेला, तशा भागीरथाबाई मिळेल त्या एसटीनं परत आल्या. पिशवी हातातच, तशाच बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या.

"ह्या तिच्या सातव्या महिन्याच्या होत्या, माय," त्या हळूच म्हणाल्या. "ओटीसाठी मीच आणल्या होत्या. भरायच्या राहूनच गेल्या."

सुरभीनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू भेशील म्हणून."

"अन् आता काय मी हसून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी आरशापुढे पाट मांडला. भागीरथाबाईंनी रिकाम्या पाटाला हळदीकुंकू लावलं. नवं लुगडं, खण, तांदूळ, नारळ ठेवून रूपालीची ओटी भरली. उरलेल्या बांगड्या खरवडून त्याच खणात बांधल्या आणि नीलेशनं त्या आरशासकट नदीत सोडल्या.

दिवेलागणीला बाळानं अशी लाथ मारली, की सुरभी मटकन खाली बसली आणि रडली.

मुलगी झाली. धडधाकट, गोरीगोमटी.

बारशाला घर भरलं होतं. पाळण्यावरून साडी सोडलेली, पार जमिनीपर्यंत. रीतीप्रमाणे बाळ पाळण्याखालून पलीकडे द्यायचं, पलीकडचीनं ते घेऊन वरून पाळण्यात निजवायचं. बाया सगळ्या सुरभीच्या बाजूनं बसलेल्या. पलीकडून बाळ घ्यायला नणंद, कोकिळा, ठरलेली.

सुरभीनं वाकून बाळ खालून सरकवलं. पलीकडच्या हातांनी ते घेतलं. अलगद, मान सांभाळून. हात मात्र फार गार होते. पाळणा जड होऊन हलला. बायांनी गाणं धरलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोकिळा आली, पदराला हात पुसत.

"थांबा ना वहिनी, मी येऊनच राह्यली होती. द्या बाळ इकडं."

गाणं चालूच होतं...

सुरभीनं साडी बाजूला केली. पलीकडे कोणी नव्हतं. पाळण्यात पोरगी शांत झोपली होती, दुपट्यात नीट गुंडाळलेली. गालावर काजळाची तीट होती. ओली.

ती अजून कोणीच लावली नव्हती.

सासूला सुरभीनं हे पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं.

पोरगी आता बसायला लागली आहे. तिला घ्यायला कोणी हात पुढं केले, की सुरभी आधी त्या माणसाचं तोंड पाहते. नीट पाहते. मगच सोडते.